वही प्लॅस्टिकमध्येच राहिली

वाचक भगिनीचं पत्र बरंच लांब आहे. थोडक्यात असं:

‘ताई, सप्रेम सलाम. मी आणि माझे पती चार वर्षांपासून परदेशात मिशनरी म्हणून सेवा करतो आहोत. तिथल्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, सुवार्ताप्रसार आणि मिशनकार्य शिकवणं हे आमच्याकडे सोपवलेलं काम. सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे, नऊ मंडळ्यांत तो झाला. लोक येतात, मन लावून ऐकतात, टिपणं काढतात, शेवटी प्रमाणपत्र घेतात. त्यानंतर मात्र कुणी कुणाला प्रभूविषयी सांगतंय असं दिसत नाही. गेल्या महिन्यात एका पाळकांना विचारलं, शिकवलं त्याचं पुढे काय झालं? ते म्हणाले, “फार छान होतं. पुढचा कोर्स कधी?” त्या रात्री मी खूप रडले. आता दोन मंडळ्या म्हणतात की आम्ही सुवार्तिक नेमतो, पगार तुम्ही द्या. आम्हाला पाठवणारी मंडळी दर तीन महिन्यांनी आकडे मागते. आमचं चुकतंय कुठे? ही माणसंच थंड आहेत का? अजून दोन वर्षं थांबावं की परत यावं? ता. क. भाषा अजून नीट येत नाही, दुभाष्यावर निभावतं. आता शिकायला उशीर झाला का?’

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम. ‘पुढचा कोर्स कधी?’ हे वाचून मला हसू आलं, त्याबद्दल आधी माफी मागते. हेच वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाने अचानक हाक मारावी तसं वाटलं. त्या पाळकांनी तुम्हाला टोमणा मारलेला नाही. तुम्ही त्यांना जे शिकवलंत तेच त्यांनी परत सांगितलं. सुवार्ता म्हणजे कोर्स, कोर्स म्हणजे सहा आठवडे, सहा आठवडे संपले की काम संपलं. आता दुसरं काम द्या.

मी सतरा वर्षं एका देशात होते. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या विश्वासणाऱ्यांना अजूनही जपून राहावं लागतं. तिसऱ्या वर्षी मी असाच एक अभ्यासक्रम घेतला होता. स्पायरल बांधणीची चौसष्ट पानांची वही मी स्वतः तयार केली होती. चित्रं, वचनं, बाणांच्या आकृत्या, सगळं होतं तिच्यात. वर्गात एक बाई कायम पहिल्या रांगेत बसायच्या. कोर्स संपल्यावर चारेक महिन्यांनी त्यांच्या घरी गेले. भिंतीवर लग्नाच्या फोटोशेजारी माझ्या सहीचं प्रमाणपत्र, चौकटीत बसवलेलं. मला आनंद झाला. मी विचारलं, वही कुठे आहे? त्यांनी पेटी उघडली, कपड्यांच्या खालून दोन्ही हातांनी वही काढली आणि माझ्यापुढे धरली. प्लॅस्टिकचं वेष्टण तसंच होतं, चिकटपट्टीसुद्धा सुटलेली नव्हती. ‘खराब होऊ नये म्हणून,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात संकोच नव्हता, उलट अभिमानच होता.

मी काही बोलणार तेवढ्यात शेजारची एक बाई दारात आली. डोळे सुजलेले होते. वहीवाल्या बाई उठल्या, तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मी बाहेर बसून राहिले. आतून आधी रडणं ऐकू आलं, मग कुजबुज, मग बराच वेळ प्रार्थना. शेजारीण निघून गेल्यावर मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, ‘चौथ्यांदा आलीय. विचारते, तुझ्यावरही हेच दिवस आले, मग तू माझ्यासारखी घाबरत कशी नाहीस? मग मी सांगते.’ काय सांगता? ‘येशूने काय केलं ते.’ मी जवळजवळ रागावूनच विचारलं, अहो, मग हे वर्गात का नाही सांगितलंत? त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. ‘वर्गात तुम्ही विचारलं कुठे?’

तुमच्या पत्राला माझं खरं उत्तर एवढंच आहे. बाकीचं लिहिते ते तपशिलासाठी.

तुम्ही ‘थंड’ हा शब्द वापरलाय. तो काही दिवस बाजूला ठेवा. कुणी कुणाला सांगताना ‘दिसत नाही’ असं तुम्ही लिहिता. पण तुम्ही पाहता कुठून? व्यासपीठावरून, आणि दुभाष्यामार्फत. आतल्या खोलीत जे चालतं ते तिथून दिसत नाही. परदेशी माणूस खोलीत आला की ते थांबतंही.

लूकने लिहिलेलं बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, त्यातला अकरावा अध्याय आता एक मिशनरी म्हणून पुन्हा वाचा. अंत्युखिया शहरात हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, लोकांना पहिल्यांदा सुवार्ता कुणी सांगितली? कुप्र आणि कुरेने इथल्या काही माणसांनी, छळामुळे पांगलेल्या. लूकने त्यांची नावंसुद्धा दिलेली नाहीत. बातमी यरुशलेमेत पोहोचते आणि तिथली मंडळी बर्णबाला पाठवते. म्हणजे बर्णबाची जागा अगदी तुमची आहे. बाहेरून आलेला, पाठवलेला, अनुभवी. तिथे पोहोचल्यावर तो पहिलं काम काय करतो? देवाची कृपा पाहतो आणि आनंदित होतो. बोध त्यानंतर करतो. पुढे काम वाढतं तेव्हा तार्सला जाऊन शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, शोधून आणतो आणि मग दोघे मिळून वर्षभर शिकवतात. मी पहिली तीन वर्षं थेट शिकवण्यापासून सुरुवात केली होती. पाहण्याची पायरी मी गाळली, आणि माझा कयास आहे की तुम्हीही गाळलीत. पाठवणारी मंडळी कामाचा पहिला अहवाल तिसऱ्या महिन्यातच मागते, मग दुसरं काय होणार?

तेव्हा पुढच्या तिमाहीतले कोर्स रद्द करा. पुढे ढकलू नका, रद्दच करा, नाहीतर डोकं तिकडेच राहील. नऊपैकी एकच मंडळी निवडा. तिच्या पाळकांना सांगा, मला शिकवायचं नाही, तीन महिने तुमच्यातल्या दोन-तीन जणांबरोबर हिंडायचंय. निवड त्यांना करू द्या. ते ज्यांना निवडतील ती माणसं तुम्ही कदाचित निवडली नसती, आणि तेच बरं. आजाऱ्याला भेटायला, मयताच्या घरी, कामावर, जिथे ती माणसं एरवी जातात तिथे त्यांच्याबरोबर जा. पत्रकं नकोत, पुस्तिका नको, कॅमेरा तर नकोच. बोलायची पाळी त्यांची. परत येताना वाटेत दोनच प्रश्न विचारा: त्या माणसाच्या बोलण्यात तुम्हाला काय ऐकू आलं? आणि पुढच्या वेळी गेलात तर काय म्हणाल? उत्तरं रात्री लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तुमच्या हातात जे असेल तोच तुमचा अभ्यासक्रम.

यातून काय कळेल याची एक चुणूक देते. आमच्याकडचे एक वयस्क डीकन, म्हणजे मंडळीतले सेवक, मला एका गाड्या दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेले होते. तासभर ते त्याच्या आईच्या आजारपणाविषयीच विचारत बसले. औषध कोणतं, झोप लागते का, रात्री तिच्याजवळ कोण असतं. मी आतल्या आत चुळबुळत होते. माझ्या वहीप्रमाणे दहाव्या मिनिटाला पाप आणि विसाव्या मिनिटाला वधस्तंभ यायला हवा होता. शेवटी डीकन म्हणाले, मी तिच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? उभ्या उभ्या केली, चार वाक्यं. निघालो. वाटेत मी विचारलं, सुवार्ता कधी सांगणार? ते म्हणाले, ‘त्याने विचारल्यावर. विचारेल.’ त्याने विचारलं, पण आठ महिन्यांनी, आई गेल्यावर. तेव्हा डीकनांनी जे सांगितलं त्यात पापही होतं आणि वधस्तंभही, पण सुरुवात होती आईपासून. माझी वही अनोळखी माणसाशी वीस मिनिटांत बोलायला शिकवत होती. तिथल्या लोकांना अनोळखी माणसं भेटतच नव्हती. त्यांना भेटत होते मेहुणे, शेजारी, मालक, गिऱ्हाईक. अशा माणसाला वीस मिनिटांत सगळं सांगून टाकलं तर उरलेली वीस वर्षं त्याच्यासमोर काय तोंड घेऊन वावरायचं?

म्हणजे शिकवायचंच नाही का? शिकवायचं, पण नंतर, आणि वेगळ्या रीतीने. मला जी रीत लागू पडली ती सांगते. वही नाही, फळा नाही. एक गोष्ट घ्यायची. मी नेहमी मार्क पाचव्या अध्यायापासून सुरुवात करायचे: गरसेकरांच्या प्रदेशातला कबरांमध्ये राहणारा माणूस. ती तोंडी सांगायची, एकदाच, सावकाश. मग गटातल्या एकाने ती पुन्हा सांगायची आणि बाकीच्यांनी काय राहिलं, काय जादा घातलं ते दुरुस्त करायचं. मग दुसऱ्याने सांगायची. तिसऱ्या खेपेला न शिकलेल्या आजीलाही ती पाठ झालेली असते. मग चर्चा: या माणसाला येशूबरोबर जायचं होतं, येशूने त्याला का नेलं नाही? ‘आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा’ असं का सांगितलं? त्याला कितीसं शास्त्र येत होतं? शेवटी प्रत्येकाने एक नाव मनात धरायचं आणि आठवड्याभरात त्या माणसाला ही गोष्ट सांगायची. पुढच्या बैठकीची सुरुवात एकाच प्रश्नाने: कुणाला सांगितली?

या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा तुम्ही द्यायचं. इथेच खरी मेख आहे. मला लागोपाठ दोन आठवडे सांगावं लागलं की मी कुणालाच सांगितली नाही. एकदा वेळ नव्हता, एकदा धीर झाला नाही. मिशनरीबाईंना धीर झाला नाही! गट गप्प झाला. तिसऱ्या आठवड्यात तेच डीकन म्हणाले, बाई, उद्या माझ्याबरोबर चला. त्या दिवसापासून तो गट माझ्या हातून सुटला आणि त्यांचा झाला. मला ते लगेच आवडलं असं म्हणणार नाही.

पत्रात तुम्ही सुवार्ता आणि मिशनकार्य यांचा एका दमात उल्लेख केलाय. मिशनकार्याकडे, म्हणजे मंडळीने बाहेर माणसं पाठवण्याकडे, तुमचं लक्ष जरा कमी दिसतं, म्हणून लिहिते. तिथल्या बहुतेक मंडळ्यांना मिशन म्हणजे ‘जे आपल्याकडे येतं’ असं वाटतं. विमानाने येतं, दुभाष्या घेऊन येतं. आपणही कुणाला पाठवू शकतो हे त्यांच्या स्वप्नातही नसतं, कारण पाठवणारे नेहमी तुमच्या-माझ्यासारखे बाहेरचे असतात. त्यांना कलस्सैची मंडळी दाखवा. पौल तिथे पत्र लिहितो, पण तिथल्या पुष्कळांनी त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. तिथे सुवार्ता पोहोचवली एपफ्रासाने, तिथल्याच माणसाने. पौल इफिसात तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं शिकवत बसला आणि सबंध आशिया प्रांताने (खंड नव्हे, आजच्या तुर्कस्तानातला एक रोमन प्रांत) वचन ऐकलं, असं लूक लिहितो. पौल काही सबंध प्रांत फिरला नाही. ऐकून जाणारे फिरले.

म्हणून मंडळीला एक साधा प्रश्न विचारा: इथून जवळात जवळ मंडळी नसलेली वस्ती कुठली, आणि तिथे तुमच्यापैकी कुणाचं नातं आहे? नकाशा त्यांना काढू द्या. आमच्याकडे त्या नकाशावर एका बाईंच्या दिराचं गाव निघालं. महिनाभर प्रार्थना झाली, मग तीन जण जायचं ठरलं. बसभाड्यासाठी मंडळीत थाळी फिरली आणि पैसे कमी पडले. माझ्या पाकिटात होते. ते न काढणं हे त्या वर्षातलं माझं सगळ्यात अवघड काम ठरलं. शेवटी दोघेच गेले. पण ते त्या मंडळीने पाठवलेले होते. परत आल्यावर उपासनेत त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना लोक जसे पुढे सरकून बसले, तसे माझ्या एकाही वर्गात बसलेले मी पाहिले नव्हते.

आता पगाराचं. नाही म्हणा. प्रेमाने आणि कारण सांगून म्हणा, पण नाहीच म्हणा. चीनमधल्या शांडोंग प्रांतात अनेक वर्षं काम केलेले मिशनरी जॉन नेव्हियस १८९० मध्ये कोरियात सोलला गेले आणि तिथल्या नवख्या मिशनऱ्यांबरोबर दोन आठवडे बसले. त्यांचं म्हणणं असं की विश्वासात आलेला माणूस ज्या धंद्यात असेल त्यातच राहू द्या. परदेशी पैशावर पगारी सुवार्तिक ठेवला की तो आपल्याच लोकांत परक्यांचा नोकर ठरतो, आणि बाकीचे म्हणतात, सांगायचं काम त्याचं, त्याला त्याचा पगार मिळतो. सुवार्तिक नेमावा, पण त्याचा खर्च मंडळीच्या अर्पणातून चालावा, आणि जेवढा झेपेल तेवढाच. कोरियातल्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी हे धोरण उचललं आणि तिथल्या मंडळ्या फार लवकर स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. त्यामागे इतरही कारणं होती, पण हे एक नक्की. फक्त एक सांगते: आधीच्या कुणी सुरू केलेला पगार तुमच्याकडे चालत आला असेल, तर तो एका रात्रीत तोडू नका. त्यामागे एक घर असतं. वर्ष-दोन वर्षांची मुदत ठरवा, लेखी, वडीलजनांच्या समोर.

आणि जोखमीचं. तुमच्याकडे पासपोर्ट आहे. गोष्टी बिघडल्या तर तुम्हाला विमानात बसवतील, त्यांना नाही. म्हणून कुठे, कुणाशी, किती उघडपणे बोलायचं हे ठरवण्याचा अधिकार तिथल्या मंडळीचा. तुम्हाला ती भित्री वाटली तरीही. व्हिसाच्या अर्जावर तुम्ही जे काम लिहिलंय तेच काम करा. ‘गरिबाला मदत देताना त्याच्याकडून श्रद्धेची अपेक्षा नाही’ हे तुमच्या शिकवण्यात पहिल्याच दिवशी यायला हवं. २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनचं आंतरधर्मीय संवादाचं खातं आणि वर्ल्ड इव्हॅन्जेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून बहुधर्मी जगातल्या ख्रिस्ती साक्षीविषयी एक निवेदन काढलं. एरवी हे तिघे एका कागदावर सही करताना दिसणं विरळाच. फसवणूक, जबरदस्ती आणि आमिष यांना त्यात साफ नकार आहे. ते छोटंसं निवेदन वर्गात मोठ्याने वाचा. माझ्या वहीत पेत्राचं एक वचन अर्धंच होतं: आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा. पुढचं ‘सौम्यतेने’ मी गाळलं होतं, जागा पुरत नव्हती म्हणून.

आकड्यांबद्दल फार लिहीत नाही. पाठवणाऱ्या मंडळीला आत्ताच कळवा की येत्या तीन तिमाहींत आकडे येणार नाहीत. त्याऐवजी दर वेळी एक घडलेली हकीकत, एक चूक आणि एक प्रार्थनेचा विषय पाठवू. आधी सांगितलं तर ते धोरण असतं, नंतर सांगितलं तर सबब वाटते. कुणी कुरकुर केलीच तर इंग्रज मिशनरी विल्यम केरींची आठवण करून द्या. १७९३ मध्ये बंगालला पोहोचले, आणि कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला १८०० च्या डिसेंबरात. केरींचे पहिले सात वर्षांचे तिमाही अहवाल कसे दिसले असते, मोजून पाहायला सांगा. पुढे तोच कृष्ण पाल स्वतः सुवार्तिक झाला.

आता, थांबावं की परत यावं. रडू आलेल्या रात्री हे ठरवू नका, आणि माझ्या सल्ल्यावरून तर मुळीच नको. पण ठरवताना एक गोष्ट डोळ्यांपुढे ठेवा. इथिओपियाच्या वोलायता भागात मिशनरी १९२८ च्या सुमारास पोहोचले. इटलीने देश बळकावल्यावर १९३७ मध्ये त्यांना निघावं लागलं. तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले विश्वासणारे होते पन्नासच्या आसपास, आणि त्यांच्या भाषेत शास्त्राचे थोडेच भाग. पुढच्या वर्षांत तिथल्या पुढाऱ्यांना फटके बसले, तुरुंगवास झाला. मिशनरी परत आले तेव्हा विश्वासणारे दहा हजारांच्या घरात गेले होते. ही कथा लोक ‘मिशनरी गेले की मंडळी वाढते’ असं दाखवायला सांगतात. मला ते पटत नाही. त्याआधीची नऊ वर्षं त्या पन्नास जणांबरोबर कुणीतरी घालवली होती. पण त्या नऊ वर्षांत त्यांच्या हातात असं काही पडलं होतं, जे मिशनऱ्यांबरोबर परत गेलं नाही. तुम्ही उद्या निघालात तर त्या नऊ मंडळ्यांत काय उरेल? वह्या आणि प्रमाणपत्रं उरणार असतील तर दोन वर्षं थांबा, वर लिहिलेलं करून पाहा. वहीवाल्या बाईंसारखी चार माणसं तुम्हाला सापडली आणि ती तुमच्याशिवाय चालताना दिसली, तर दोन वर्षं पूर्ण होण्याची वाटही पाहू नका.

मात्र निघताना सोपवाल ते खरोखर सोपवा. इंग्लंडमधल्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन यांनी एकोणिसाव्या शतकातच म्हटलं होतं की मंडळी स्वतःचा कारभार पाहणारी, स्वतःचा खर्च उचलणारी आणि स्वतः वाढणारी झाली की मिशनने सुखाने मरावं. त्यांच्याच पुढाकाराने १८६४ मध्ये सॅम्युएल अजायी क्राउदर हे आफ्रिकन गृहस्थ बिशप झाले. व्हेन गेल्यावर चित्र बदललं. नव्या तरुण युरोपियन मिशनऱ्यांनी क्राउदरांच्या सहकाऱ्यांवर चौकशा लावल्या, कितीतरी जणांना काढून टाकलं. १८९१ च्या अखेरीस म्हातारे क्राउदर वारले आणि त्यांच्या जागी युरोपियन बिशप नेमला गेला. सोपवलेलं परत काढून घ्यायला दुष्ट माणसं लागत नाहीत, स्वतःला जास्त कळतं असं वाटणारी भली माणसं पुरतात. तुमच्यानंतर तुमच्या जागी कोण येणार आहे, हे आत्ताच विचारून ठेवा.

राहिला ताजा कलम. उशीर झालेला नाही. मी सहाव्या वर्षी नीट शिकायला बसले. भाषेच्या शाळेत मला फळं, भाज्या आणि वेळ विचारणं आलं. प्रार्थना करायला मी शिकले त्या वहीवाल्या बाईंकडून, आठवड्यातून दोनदा, त्यांच्या त्याच आतल्या खोलीत. माझे उच्चार ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसायच्या, मग तीच ओळ सावकाश पुन्हा म्हणायच्या. तुमच्या नऊ मंडळ्यांत अशी एखादी बाई असणारच. कोण ते तुमच्या दुभाष्याला माहीत असेल. त्याच्याकडून या वेळी एवढंच वाक्य शिकून घ्या आणि तिच्या घरी एकट्या जा: ‘तुम्ही शेजारणीला काय सांगता, ते मला तुमच्या भाषेत म्हणायला शिकवाल का?’